एका विशेषणावर चाळीस मिनिटं

परवा एका विद्यापीठाकडून ईमेल आली. तुमच्या विषयातल्या एका असिस्टंट प्रोफेसरची टेन्युअरची, म्हणजे कायम नोकरीची, केस आहे, मूल्यमापनाचं पत्र द्याल का? सोबत सीव्ही, रिसर्च स्टेटमेंट, निवडक पाच पेपर. मानधन शून्य. मी हो म्हणाले आणि मग कपाळावर हात मारून घेतला, कारण अशा पत्रात माझे दोन शनिवार-रविवार जातात.

नाही म्हणणंही सोपं नसतं. किती जणांना विचारलं आणि कुणी नकार दिला, याची बऱ्याच ठिकाणी फाईलमध्ये नोंद होते. तुम्ही नुसते कामात असता, पण समितीत कुणीतरी म्हणतंच, "यांनी का बरं टाळलं असेल?"

अमेरिकेत १९४० साली प्राध्यापकांच्या संघटनेने आणि कॉलेजांच्या संघटनेने मिळून ठरवलं की उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा. म्हणून साधारण सहाव्या वर्षी फाईल निघते. टेन्युअर मिळालं तर ठीक, नाही तर बहुधा आणखी एक वर्ष आणि मग रामराम. त्याच पदावर राहतो म्हटलं तरी राहू देत नाहीत. हे सगळं कशासाठी, तर मत मांडलं म्हणून कुणाची नोकरी जाऊ नये. १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहसंस्थापक जेन स्टॅनफर्डबाईंना तिथले प्राध्यापक एडवर्ड रॉस यांची मतं खटकली आणि रॉस यांना स्टॅनफर्ड सोडावं लागलं. आता मत मांडायची मुभा मिळावी म्हणून आमची तरुण मंडळी सहा वर्षं मीटिंगमध्ये मान डोलवत बसतात.

फाईल विभागातून कॉलेजच्या समितीकडे, डीनकडे, प्रोव्होस्टकडे (म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखाकडे) आणि शेवटी विश्वस्तांकडे जाते. तिथे बहुधा शिक्काच बसतो. कागदावर निकष तीन: संशोधन, अध्यापन, सेवा. निव्वळ समित्यांवर राबून टेन्युअर मिळालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. राबवून मात्र घेतात.

खरा कस लागतो तो बाहेरून आलेल्या पत्रांवर. पत्र लिहिणारा उमेदवाराचा गाइड नको, सहलेखक नको. छोट्या विषयात असा माणूस शोधायचा कुठून?

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात एका तरुण प्राध्यापिकेची केस होती. नऊ पत्रं, आठांत कौतुकाचा पूर. नवव्यात एकच शब्द मोजून-मापून वापरलेला: "भरवशाचं" काम. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि आम्ही त्या शब्दावर चाळीस मिनिटं घालवली. मी म्हटलं, लिहिणारे गृहस्थ युरोपातले आहेत, तिकडे याला स्तुती म्हणतात. इकडे "असामान्य"च्या खालचं काहीही निंदेसारखंच वाचलं जातं. कुणी मान हलवली, कुणी घड्याळ पाहिलं.

चिठ्ठ्या टाकल्या. आठ विरुद्ध पाच. त्या पाच जणांनी नाही का म्हटलं हे विभागप्रमुखांना डीनना कळवायचं होतं, आणि मतदान तर गुप्त! त्यांनी बिचाऱ्यांनी अंदाजाने कारणं लिहिली. वरच्या समितीने तीच धरली. पुढच्या वर्षी तिच्या खोलीच्या दारावरची पाटी निघाली.

काल रात्री मी पत्राचा पहिला खर्डा पूर्ण केला. वाचताना दुसऱ्या परिच्छेदात मीच लिहिलेला "भरवशाचं" सापडला. मनापासून लिहिलेला होता. खोडला, आणि तिथे "असामान्य" टाकलं.