पुसलं, पण कुठलं?

“झालं काका, कोरं करकरीत!” परभणीत मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं क्रोमची हिस्ट्री उडवून फोन परत दिला. काका निर्धास्त निघाले. ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना.

कारण कोरं झालंच नव्हतं. फोनमधली यादी गेली, पण काय काय शोधलं याची गुगल खात्यावरची नोंद वेगळी असते. गुगल ॲपमध्ये आपल्या फोटोवर दाबा, खात्यात जा, ‘डेटा आणि गोपनीयता’, मग ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’. तिथं नोंद बंद करता येते, पण नुसतं बंद केल्यानं जुनं जात नाही, ते वेगळं पुसावं लागतं. चालूच ठेवायची तर ३, १८ किंवा ३६ महिन्यांहून जुनं आपोआप पुसायची सोय आहे, ३ बरे.

आणि नोंदीतून नाव काढून टाकलं म्हणून माणूस लपत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीनं साडेसहा लाख लोकांनी इंटरनेटवर काय शोधलं ते नावाऐवजी आकडे घालून खुलं केलं. पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एक बाई घरापर्यंत हुडकून काढली.

आपल्याकडं तर एका फोनवर अख्खं घर. सोयाबीनचा भाव, शुगरची गोळी, पोरीसाठी आलेल्या स्थळाचं गाव, सगळं एकाच खात्यावर.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर ही सेटिंग कुणी उघडून बघितलीय का?