पिनबॉलची जळलेली कॉइल आणि सपोर्टचं तिकीट

पिनबॉल, म्हणजे चेंडू उडवत खेळायचं मशीन, घ्यायचं असेल तर कस्टमर सपोर्टच्या भरवशावर अजिबात घेऊ नका. माझं मशीन विल्यम्सचं, 1987 चं. कंपनीनं 1999 मध्येच पिनबॉल बनवणं बंद केलं, त्यामुळं सुटे भाग विकणाऱ्या परदेशी दुकानांच्या दारात जावं लागतं.

खाली पडलेला चेंडू परत खेळात ढकलणारी कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळाली. मागवली AE-23-800, आली AE-26-1500. दुकानाच्या सपोर्टला लिहिलं. फोटो मागितले, दिले. मग म्हणे कॉइल चालतानाचा व्हिडिओ पाठवा. अहो, चुकीची कॉइल बसवून व्हिडिओ काढू? त्यांचं उत्तर येणार आपल्या मध्यरात्री. आपण कामाच्या गडबडीत दोन दिवस उत्तर द्यायचे राहिलो की तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आपोआप बंद. नवं तिकीट, नवा माणूस, पुन्हा फोटो! एकानं तर लिहिलं, दोन्ही कॉइल चालतात. नावातच सगळं आहे हो: 23 म्हणजे तारेचं गेज (जाडीचा नंबर; नंबर मोठा तितकी तार बारीक), 800 म्हणजे वेढे. बारीक तारेचे 1500 वेढे म्हणजे रेझिस्टन्स जास्त, करंट कमी, आणि चेंडू जागचा हलायचा नाही. शेवटी बदलून द्यायला तयार झाले, पण परत पाठवायचा खर्च माझा. तो कॉइलच्या किमतीपेक्षा जास्त! सोडून दिलं.

जळकी कॉइल घेऊन इथं कोल्हापुरात उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं गेलो. मिस्त्री म्हणाले, "मोटारीपेक्षा सोपं हाय की." फक्त गेज सांगताना जपा. हे अमेरिकन गेज, आपल्याकडं SWG, म्हणजे ब्रिटिश गेज, चालतं. सरळ 0.57 मिलिमीटर तांब्याची तार म्हणून सांगा. संध्याकाळी कॉइल हातात. एक जादाही करून घेतली.

आणि हो, नवी कॉइल लगेच बसवू नका. माझ्या मशीनमधला कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन कॉइल सतत चालू राहिली, म्हणून जळाली. आधी तो ट्रान्झिस्टर (TIP122) बदलला. इथंच सहज मिळाला. कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) असेल तर पट्ट्याची बाजू सप्लायकडं. उलटा लावलात तर नवा ट्रान्झिस्टरही गेला. मशीन अमेरिकेतून आलेलं असेल तर प्लग लावण्याआधी ट्रान्सफॉर्मरची जोडणी 230 व्होल्टची आहे का, तेही बघा.

ती AE-26-1500 अजून पाकिटातच आहे. कोल्हापुरात कुणाला लागत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.