पहाटे पेट्रोल चोरणारा काटा

कराडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग असली कामं. जुन्या गाड्या माझ्याकडं जरा जास्तच येतात, कारण नवीन पोरं स्कॅनर (गाडीतल्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) लावल्याशिवाय गाडीला हात लावत नाहीत आणि कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 ला स्कॅनर लावणार कुठं. ही पण तसलीच, 1997 ची, पांढरी. मालक पेपर एजंट. पहाटे अंधारात निघायचं, एसटी स्टँडवर गठ्ठे घ्यायचे, गावोगावी टाकत टाकत उजाडायच्या सुमाराला घरी.

आले तेव्हा सोबत त्यांच्या सोसायटीचे वॉचमन मामा होते, आणि दोघांची तोंडं दोन दिशेला. मी म्हटलं काय झालं काका, तर काका म्हणाले, मिस्त्री, गाडीतनं पेट्रोल जातंय, दिवसा गाडी लावतो तेव्हा काटा अर्ध्याच्या वर असतो आणि पहाटे निघताना पावाच्या खाली. टाकीच्या झाकणाला लॉक बसवलं तरी तेच. मग काकांनी हिशोब केला की रात्री गाडीजवळ असतो कोण, तर मामा. प्रकरण चेअरमनपर्यंत गेलेलं, मामांना कामावरून काढायची भाषा सुरू झालेली, शेवटी चेअरमन म्हणाले की दोघंही जा आणि मिस्त्रीला विचारून या. म्हणजे आता न्यायनिवाडा माझ्या गळ्यात.

मी आधी टाकीखाली वाकून बघितलं, वास नाही, ओल नाही. मग सहज विचारलं, भरता कधी? तर म्हणाले पहाटे वाटेतच पंपावर पाचशेचं टाकतो, पण तो पंप पण चोर आहे मिस्त्री, पाचशे सांगितले की तीनशेलाच नळी खटकन बंद होते. इथं मला हसू आलं. तीस लिटरसुद्धा न मावणारी टाकी, पावाच्या खाली असती तर पाचशेचं पेट्रोल आरामात गेलं पाहिजे, आणि नळी बंद होते म्हणजे टाकी भरत आलेली आहे. चोरी पेट्रोलची होत नव्हती, काट्याची होत होती. पण तसं बोलून चालत नाही, दाखवावं लागतं.

काटा खोटं बोलतो तेव्हा संशयित तीन असतात, डॅशबोर्डमधला मीटर, टाकीतलं फ्लोटचं युनिट (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारं) आणि मधली वायर. आधीच्या मेकॅनिकनं टाकी उतरवून युनिट नवीन घातलेलं, दोन हजार घेतलेले, फरक शून्य. मी मागचा कपलर, म्हणजे युनिटच्या वायरचा जोड, सोडला, काटा हळूहळू खाली येऊन रिकामीवर बसला. मग तीच वायर छोट्या बल्बमधून बॉडीला लावली (डायरेक्ट लावायची नाही, मीटरची कॉईल जळू शकते), काटा सावकाश फुलकडं चढला. म्हणजे मीटर ठीक, वायर पण ठीक. युनिट तर नवीनच, त्याचं गणित सोपं आहे, टाकी भरलेली असली की रेझिस्टन्स कमी, रिकामी होत गेली की वाढत जातो. मोजलं, बरोबर आलं. कपलर परत जोडला तर काटा पाऊण टाकी दाखवायला लागला, काका म्हणाले बघा आता बरोबर दाखवतोय, आणि मामा माझ्याकडं असे बघायला लागले की आता माझं काय.

दिवसा सगळं बरोबर, पहाटे चूक, तर पहाटे वेगळं काय असतं? हेडलाईट. मी स्विच मारला. लगेच काही झालं नाही, आणि गंमत इथंच आहे, ह्या मीटरचा काटा आतली पट्टी तापेल तसा हलतो, त्यामुळं त्याला वेळ लागतो, म्हणून इंडिकेटरबरोबर उडतो वगैरे असं काही दिसत नाही आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पण थोडा वेळ थांबलो तर काटा उतरायला लागला, अर्ध्याच्या खाली गेला. मग मामांना ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि म्हटलं ब्रेक दाबा, सोडू नका. काकांना खिडकीतून मीटर बघायला उभं केलं. काटा आणखी खाली, पार रिकामीच्या लाल पट्टीजवळ. मी म्हटलं बघा काका, मामा तुमच्यासमोर पेट्रोल चोरतायत. काका काही बोलले नाहीत. मामांनी घाबरून पाय काढला.

अर्थिंग, दुसरं काय, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायचा रस्ता. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला आणि लाल युनिटच्या अर्थिंगला लावली. लाईट बंद असताना जवळपास शून्य, लाईट लावली की पावणेदोन व्होल्ट, ब्रेक दाबला की साडेचारच्या वर. तिथं शून्यच पाहिजे. डिकीतलं मॅट उचललं तर मागच्या लाईटची आणि टाकीची अर्थिंग एकाच स्क्रूखाली, आणि स्क्रूखाली बॉडीच्या रंगाचा थर! कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालेलं, टाकी पण तेव्हाच काढलेली दिसत होती, बसवताना पट्ट्यांखाली जाड रबर घातलेलं, म्हणजे टाकीला बॉडीतून अर्थिंग मिळायचा रस्ताही बंद. हेडलाईटबरोबर मागचे बल्ब पण लागतात, त्यांचा सगळा करंट त्या गंजक्या रंगीत स्क्रूमधनंच परत जाणार, तिथं व्होल्टेज अडकणार, आणि बिचाऱ्या मीटरला कमी करंट मिळाला की त्याच्या भाषेत टाकी रिकामी. मागची लाईट पण मिणमिणत होतीच, पण स्वतःच्या गाडीची मागची लाईट चालवणाऱ्याला दिसणार कशी.

काम किरकोळच. बॅटरीचा मायनस काढला (टाकीजवळ ठिणगी नको), पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवीन लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवला, दातेरी वॉशर टाकून स्क्रू आवळला, वरून ग्रीस. युनिटपासून बॉडीला एक वेगळी वायर पण ओढून दिली, जुनी अर्थिंग परत गंजली तरी काटा हलायला नको. मायनस जोडून लाईट लावली, मामांना परत ब्रेकवर बसवलं, ह्यावेळी त्यांनी स्वतःच पाय चांगला दाबून धरला आणि काट्याकडं बघत राहिले. काटा पाऊण टाकीवर.

काकांनी बिल विचारलं, मी तीनशे सांगितले. नुसता एक स्क्रू घासायचे तीनशे? असं म्हणत काका दोनशेवर आले. मी काही म्हणायच्या आत मामाच गाडीतून उतरत म्हणाले, "मागच्या मिस्त्रीनं दोन हजार घेतले तवा न्हाई इचारलं."

काकांनी तीनशे दिले.