कोनशिलेवरची तारीख

कॉलेजचं वय विचारलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे पोर्चमधल्या कोनशिलेकडे बोट दाखवतात. पण कोनशिला इमारतीची. कॉलेज पुष्कळदा दुसऱ्याच जागेत जन्मलेलं असतं. मुंबईत चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची वास्तू १८८९ची, मूळ शाळा १८३२ची. एल्फिन्स्टन १८५६चं, आणि काळ्या घोड्याजवळची त्याची इमारत १८८८ची, तीही बांधायला घेतली होती सरकारी छापखान्यासाठी! व्हीजेटीआय ही अभियांत्रिकीची संस्था १८८७ साली भायखळ्यात सुरू झाली, १९२३ला माटुंग्यात आली. १९९७ला नावातलं ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’ जाऊन ‘वीरमाता जिजाबाई’ आलं. आद्याक्षरं शाबूत, म्हणजे हाक मारणाऱ्यांची सोय झाली.

स्मरणिका काढताना हा घोळ वर येतो. संस्थेची नोंदणी, पहिला वर्ग, विद्यापीठाची संलग्नता आणि उद्घाटन, या चारही तारखा वेगळ्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ची, तिचं सिद्धार्थ कॉलेज २० जून १९४६चं. तेव्हा रौप्यमहोत्सवही दोघांचे वेगळे. शिवाय १९४६ला उघडलेल्या कॉलेजचं पंचविसावं वर्ष जून १९७०ला लागतं आणि पुरं होतं १९७१ला. मांडव नेमका कधी घालायचा यावर समितीच्या दोन बैठका सहज खर्ची पडतात.

खरं तर दगडच नीट वाचावा. कोरलेल्या अक्षरांत भरलेला काळा रंग उडतो, मग रंगारी अंदाजाने ब्रश फिरवतो आणि इंग्रजी 3चा 8 होऊन बसतो. दुपारच्या उजेडात काही कळत नाही. अंधारात बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारली की खाचांत सावली पडते आणि मूळ आकडा उठून दिसतो. संगमरवराला ॲसिड लावू नये. तो चुनखडीचाच, विरघळतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. खाऱ्या हवेत मागचे लोखंडी खिळे गंजून फुगतात, म्हणून तडा बहुधा कोपऱ्यातून निघतो. पुन्हा बसवताना पितळी किंवा स्टेनलेसचेच घ्यावेत. दगडावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवायचे. जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९.

एवढं करूनही प्राचार्यांच्या नावांचा लाकडी फलक उरतोच. त्यावर प्रभारींना जागा नसते, म्हणून मधली दोन-दोन वर्षं कॉलेज आपोआप चाललेलं दिसतं. शेवटच्या ओळीला पेंटर सोनेरी अक्षरं इतकी बारीक करतो, की विद्यमान प्राचार्यांना आपलं नाव वाचायला चष्मा लावावा लागतो.