अनोळखी माणसाशी महायुद्ध

ज्याचे नाव खरे की खोटे ते ठाऊक नाही, ज्याने चेहऱ्याच्या जागी एखाद्या रणगाड्याचे किंवा छातीभर पदके लावलेल्या सेनापतीचे चित्र डकवले आहे आणि जो पृथ्वीच्या कोणत्या कोपऱ्यात या क्षणी जागा आहे याचाही पत्ता नाही, अशा माणसाशी ऐंशी वर्षांपूर्वी संपलेल्या दुसऱ्या महायुद्धावरून मध्यरात्री संगणकावर हमरीतुमरीवर येणे, हा छंद कोणत्याही शहाण्या माणसाला समजावून सांगता येत नाही. मला तो आहे. घरातल्या माणसांशी राजकारणावर वाद घातला तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच समोर जेवायला बसायचे असते, कचेरीत घातला तर वरिष्ठांचा कल पाहून जीभ आवरावी लागते. परक्याच्या बाबतीत ही अडचण नसते. तो रुसला तरी आपले काही बिघडत नाही आणि आपण रुसलो तरी त्याचे बिघडत नाही. तेव्हा असा वाद तरी निखळ मुद्द्यांवर चालावा, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात तो तसा क्वचितच चालतो, आणि का चालत नाही याचे कुतूहल मला वाद जिंकण्यापेक्षा अधिक वाटत आले आहे.

माहिती कमी पडते म्हणून वाद बिघडतो, असे म्हणावे तर तसेही दिसत नाही. या आखाड्यात उतरणाऱ्यांची माहिती पुष्कळदा थक्क करणारी असते. जर्मनांच्या टायगर रणगाड्याचे पुढचे चिलखत १०० मिलिमीटर जाड होते, त्याच्यावर ८८ मिलिमीटरची तोफ होती आणि तसे रणगाडे साडेतेराशेच्या आसपासच बनले, हे काही जणांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. मात्र त्या रणगाड्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून गेलेल्या तुकड्यांनी पूर्वेकडच्या गावांत काय केले, असे विचारले की हीच मंडळी आपण राजकारणात पडत नसल्याचे जाहीर करतात. त्यानंतर हमखास एक वाक्य येते, ते म्हणजे इतिहास जेते लिहितात. या वाक्याचा मला मनस्वी कंटाळा आहे, कारण ज्या युद्धाबद्दल ते उच्चारले जाते नेमक्या त्याच युद्धाला ते पुरते लागू पडत नाही. हिटलरच्या लष्कराच्या जनरल स्टाफचे एके काळचे प्रमुख फ्रान्झ हाल्डर यांनी युद्ध संपल्यावर अनेक वर्षे अमेरिकी लष्कराच्या इतिहास विभागासाठी काम केले आणि त्यांच्या देखरेखीखाली कित्येक पराभूत जर्मन सेनापतींनी आपापल्या मोहिमांचे वृत्तांत लिहून दिले. सोव्हिएत दफ्तरे बंद होती आणि शीतयुद्ध पेटलेले होते, त्यामुळे पश्चिमेकडच्या वाचकांनी पूर्व आघाडीचे युद्ध दीर्घकाळ पाहिले ते बऱ्याच अंशी या हरलेल्यांच्या डोळ्यांनी. सैन्य तेवढे स्वच्छ आणि पाप सारे नाझी पक्षाचे, ही समजूत त्याच दौतीतली आहे.

एकदा मी दोन अनोळखी माणसांचा वाद केवळ प्रेक्षक म्हणून वाचत होतो. एकाचे म्हणणे असे होते की ते हत्याकांड जर्मनांनीच केले आणि याबद्दल शंका घेणाऱ्याला लाज वाटली पाहिजे; दुसऱ्याचे म्हणणे असे की ते सोव्हिएतांनी केले आणि हे खुद्द मॉस्कोने मान्य केलेले आहे. दोघांपाशी पुरावे होते, दोघांचे पुरावे उत्तम होते, आणि दोघेही बरोबर होते, कारण एक जण खातिनबद्दल बोलत होता आणि दुसरा कातिनबद्दल. खातिन हे बेलारूसमधले खेडे. २२ मार्च १९४३ रोजी जर्मनांच्या आणि त्यांच्या हाताखालच्या पोलीस तुकड्यांनी तिथल्या गावकऱ्यांना एका कोठारात कोंडून ते पेटवून दिले. मेलेल्या १४९ जणांत ७५ मुले होती. कातिन हे स्मोलेन्स्कजवळचे जंगल. १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पोलंडचे सुमारे बावीस हजार अधिकारी, पोलीस आणि इतर कैदी तिथे आणि अन्य ठिकाणी गोळ्या घालून मारले, पुढे जवळजवळ पन्नास वर्षे त्याचा आळ जर्मनांवर ठेवला आणि एप्रिल १९९० मध्ये अखेर कबुली दिली. तिसऱ्या कोणीतरी ही गफलत नम्रपणे दाखवून दिली, तेव्हा दोघांनी मिळून त्यालाच धारेवर धरले. त्या रात्री त्या दोघांचे एकमत झाले ते एवढ्याच बाबतीत.

आकड्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. ड्रेस्डेनवर १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी बाँबफेक केली, शहराचा मध्यभाग आगीच्या लोळात गेला. त्यात किती माणसे मेली हा प्रश्न वादात निघाला की कोणीतरी ठामपणे दोन लाख म्हणतो, कोणी त्याच्याही वर जातो. या दोन लाखांची जन्मकथा आता ज्ञात आहे. युद्ध चालू असतानाच शहरातल्या पोलिसांच्या एका अहवालात तोवर हाती लागलेल्या मृतदेहांची संख्या २०,२०४ अशी नोंदवलेली होती आणि अंतिम आकडा पंचवीस हजारांच्या आसपास जाईल असा अंदाज होता. गोबेल्सच्या नाझी प्रचारयंत्रणेने या आकड्यांपुढे एकेक शून्य चढवले आणि २,०२,०४० मृत झाल्याची बातमी जगभर गेली. मूळ कागद साठच्या दशकात उजेडात आले. पुढे ड्रेस्डेन शहरानेच नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने मृत्युनोंदी आणि दफनभूमींची दफ्तरे तपासून २०१० साली निष्कर्ष काढला की मृतांची संख्या फार तर पंचवीस हजार असावी. गोबेल्सचे सारे साम्राज्य धुळीला मिळाले, परंतु ते शून्य अजून रात्री-अपरात्री मला भेटते.

आयोगाचा आकडा समोर ठेवला की वाद मिटेल, अशी कोणाची समजूत असेल तर तिने पहिल्या रात्रीच दम तोडावा. समोरच्याला वाटते की आपण त्याचे मृत हिरावून घेत आहोत. बाँबफेक करणाऱ्यांची वकिली करण्यासाठीच आपण हा आकडा आणला, असा आरोप होतो, आणि हे सर्वस्वी निराधारही नसते, कारण विरुद्ध बाजूला तोच आकडा उचलून एवढेच ना, असे म्हणणारे महाभाग खरोखरच हजर असतात. पंचवीस हजार माणसे दोन-तीन दिवसांत होरपळून आणि गुदमरून मेली, यात कोणाला काय कमी वाटते हे मला आजवर उमगलेले नाही. ज्याला बाँबफेक अक्षम्य वाटते त्याची बाजू पंचवीस हजारांवरही तितकीच भक्कम उभी राहते. उलट खोट्या शून्याचा टेकू घेतला की तो टेकू काढणारा येतो आणि सारा माळाच खाली येतो. एवढी साधी गोष्ट पटवायला मला फार टंकावे लागले आहे.

याच्या पुढची पायरी जमाखर्चाची. चर्चिल यांचे नाव निघाले की बंगालचा १९४३ चा दुष्काळ निघतो, आणि तो निघालाच पाहिजे, कारण १९४५ च्या चौकशी आयोगाने तिथल्या मृतांची संख्या पंधरा लाख धरली आणि नंतरच्या अभ्यासकांनी ती तीस लाखांच्या घरात नेली. त्यावर उत्तर येते की हिटलरसमोर १९४० साली कोण उभे राहिले होते. दोन्ही विधाने एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात, परंतु वादात उतरलेल्यांना ती वजाबाकीला हवी असतात. एका बाजूच्या मृतांना उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूचे मृत पुढे करणारा माणूस पहिले मृत नाकारत नसतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्यांचा उल्लेख एकट्याने होऊ नये, एवढेच त्याला हवे असते. नाकारणारे निराळे, आणि त्यांच्याशी मी बोलत नाही. हा माझा नियम कोणाला पळपुटेपणाचा वाटला तर वाटो.

गेलेल्या युद्धावरचा वाद चालू राजकारणावर येऊन आदळतो तो दोन सालांच्या आधाराने. आज कुठे तरी युद्ध व्हावे किंवा थांबू नये, असे ज्याला वाटते तो १९३८ काढतो. म्युनिकमध्ये ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन हिटलरपुढे नमले, हिटलर शेफारला, तेव्हा आता नमू नका, हे त्याचे म्हणणे. ज्याला युद्ध नको असते तो १९१४ काढतो, कोणालाही नको असलेले युद्ध एकेका पावलाने कसे अंगावर आले ते सांगतो. हा खेळ संगणकापुढे बसणाऱ्या रिकामटेकड्यांचा आहे, असे मात्र समजू नये. १९५६ साली सुएझ कालव्याच्या प्रश्नावर ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांना इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्यात मुसोलिनी दिसला होता. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेला आले असताना अमेरिकी वायुदलाचे प्रमुख कर्टिस लमे यांनी केनेडींना तोंडावर सांगितले की नाकेबंदी करणे म्हणजे जवळजवळ म्युनिकसारखेच आहे. म्युनिकच्या वेळी केनेडींचे वडील लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि नमते घेण्याच्या बाजूचे होते, त्यामुळे हा टोमणा वर्मी लागणारा होता. इकडे केनेडींच्या मनात १९१४ घोळत होते. म्हणजे जी दोन साले घेऊन आम्ही एकमेकांच्या डोक्यात घालतो, तीच तेव्हा त्या खोलीत होती, आणि सुदैवाने १९१४ वाल्याच्या हाती निर्णय होता. आता या वाक्यावरच कोणी तरी मला १९३८ ऐकवील, याची मला खात्री आहे.

वादे वादे जायते तत्त्वबोधः, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या प्राचीन तर्कशास्त्राचा ग्रंथ असलेली न्यायसूत्रे याहून सावध आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडण्यासाठी केलेली ती वितंडा, असे भेद त्यांनी केले आहेत, आणि तरीही जल्प आणि वितंडा यांना हद्दपार केलेले नाही. बीजाला फुटलेला कोंब गुरांनी खाऊ नये म्हणून काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा या दोहोंचा उपयोग सत्यनिश्चयाच्या रक्षणासाठी करावा, असे सूत्रकार म्हणतात. परक्याशी घातलेले माझे बहुतेक वाद आठवले तर कुंपण भरभक्कम दिसते, फांद्या ताज्या असतात, काटे टोकदार असतात. कोंब शोधावा लागतो. म्हणून मी अलीकडे आरंभीच एक प्रश्न विचारून घेतो की कोणता कागद समोर आला तर तुम्ही मत बदलाल. बरेच जण या प्रश्नावर भडकतात. काही जण चर्चा सोडून जातात, तेही बरेच.

एकाने मात्र या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. जपानने अणुबाँबमुळे शरणागती पत्करली, असे त्याचे मत होते; सोव्हिएत संघ युद्धात उतरल्याचा धक्का मोठा होता, असे माझे. शरणागतीच्या निर्णयात सामील असलेल्यांनी त्या दिवसांत स्वतः काय कारण दिले ते दाखवा, असे तो म्हणाला. मग आम्ही तारखा मांडायला बसलो. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमा, ८ ला सोव्हिएत संघाची युद्धघोषणा, ९ ला मांचुरियावर चढाई. त्याच सकाळी टोकियोत सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक भरली, ती चालू असताना नागासाकीची बातमी आली, आणि तरीही शरणागतीच्या अटींवर मंडळ तीन विरुद्ध तीन असे दुभंगलेलेच राहिले. रात्री सम्राटांना कौल द्यावा लागला. नागासाकीच्या बातमीने एकही मत हलले नाही, हा माझा मुद्दा; हिरोशिमा झाले नसते तर तीन मते तरी शरणागतीकडे झुकली असती का, हा त्याचा. अमेरिकेच्या सामरिक बाँबफेक सर्वेक्षणाने १९४६ साली काढलेला निष्कर्ष मी पुढे केला, की बाँब पडला नसता आणि सोव्हिएत संघही उतरला नसता तरी जपान त्या वर्षअखेरीच्या आत शरण आला असता. तो हसला असावा, कारण त्याने लगेच दाखवले की या निष्कर्षाने त्याचे मत जेवढे मोडते तेवढेच माझेही मोडते.

मग निघाली दोन फर्माने. १५ ऑगस्टला सम्राटांनी जनतेसाठी जे भाषण प्रसारित केले त्यात शत्रूच्या नव्या आणि क्रूर बाँबचा उल्लेख आहे, सोव्हिएतांचा नाही. १७ ऑगस्टला सैनिकांसाठी जे फर्मान काढले त्यात सोव्हिएत संघ युद्धात उतरल्याचा उल्लेख आहे, बाँबचा नाही. त्याने पहिले धरले आणि मी दुसरे. सैनिकांपैकी लाखोंच्या समोर त्या घडीला सोव्हिएत फौजाच होत्या, म्हणून त्यांना पटेल असे कारण दिले, असे तो म्हणतो. पराभवाचा दोष सेनापतींवर न येता विज्ञानावर जावा, म्हणून जनतेला बाँब सांगितला, असे मी म्हणतो. काल त्याने विचारले आहे की दोन्ही मजकुरांच्या मसुद्यांवर कोणाकोणाचा हात फिरला ते आधी पाहू या का, आणि तोवर दोघांनीही आपापले फर्मान बाजूला ठेवावे, असेही सुचवले आहे. मी होकार कळवला आहे, मात्र माझे फर्मान फार लांब ठेवलेले नाही.