चोडणकर, पण राहायला माशेलात

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसं हे बरेच जण विचारतात, पुण्याची मावसबहीण, बँकेतला नवीन माणूस, वर्गातली पोरं तर दरवर्षी जूनमध्ये, "टीचर, तुम्ही माशेलच्या, मग आडनाव चोडणकर कसं?" आणि दर वेळी मी "आमचं मूळ गाव चोडण" एवढंच सांगून सुटते. पण ते अर्धंच उत्तर आहे.

आधी चोडण. गोव्यात मांडवी नदीतलं बेट, तिसवाडी तालुक्यात, रायबंदरहून फेरीबोटीने जायचं, सलीम अली पक्षी अभयारण्य तिथेच. जुनी माणसं नाव चूडामणीवरून आलं म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याचं शोरांव केलं. १५१० मध्ये त्यांनी तिसवाडी घेतली आणि १५४० च्या सुमाराला तिथली देवळं पाडली, तेव्हा चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आणि मग माशेलला आला. माशेल फोंडा तालुक्यात, आणि फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता. देवामागोमाग माणसंही आली, त्यातलेच आम्ही असं घरात सांगतात. आषाढात चिखलकाला होतो तो याच देवकीकृष्णासमोरच्या मैदानावर, आणि लहानपणी त्या चिखलात लोळताना मला वाटायचं की हा देव इथलाच, कायमचा. बाबांनी एकदा सांगितलं की तोसुद्धा आपल्यासारखाच चोडणकर आहे, ते मी कधी विसरले नाही.

आता मला खरं म्हणजे जे सांगायचंय ते हे. माणूस गावात असेपर्यंत त्याला गावाचं नाव लावायची गरजच नसते! चोडणात सगळेच चोडणचे, मग तिथे कुणाला चोडणकर म्हणून काय कळणार? तिथे तुम्ही गांवकार, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले, असता नाहीतर प्रभू, नायक, कामत, नाहीतर नुसते अमक्याचे तमके. गाव सुटलं आणि नव्या गावात कुणी विचारलं "तुजो गांव खंयचो?", म्हणजे तुझं गाव कुठलं, की मग 'कर' चिकटतं. म्हणजे आमचं आडनाव आम्ही कुठे राहतो ते सांगतच नाही, आम्ही कुठून उठलो ते सांगतं. याला अपवाद आहेत, कवी बाकीबाब बोरकर बोरीतच वाढले, आणि शाळेत नाव घालताना तर लोकांनी सरळ आपल्याच गावाचं आडनाव लावून टाकलेलं आहे. पण मंगेशकरांचं बघा ना. दीनानाथांचे वडील मंगेशीच्या देवळात अभिषेक करणारे, घराणं अभिषेकी म्हणूनच ओळखलं जायचं, आणि मंगेशी सोडून नाटकात गेलेले दीनानाथ मंगेशकर झाले. त्याच गावचे पंडित जितेंद्र अभिषेकी मात्र अभिषेकीच राहिले. एका देवळाच्या आवारातून निघालेली दोन आडनावं, एक कामावरून आणि एक गावावरून. आणि तो मंगेशसुद्धा मुळात तिथला नाही, तो सासष्टीतल्या कुठ्ठाळीहून आलेला.

सगळ्यात जास्त माझ्या मनाला लागतं ते कुर्डीकर हे आडनाव. गायिका मोगूबाई कुर्डीकर सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या. साळावली धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा घरांचे चौथरे वर येतात, सोमेश्वराचं देऊळ दिसायला लागतं, आणि जुने गावकरी तिथे येऊन उत्सव करून जातात. पाऊस पडला की परत सगळं पाणी. आमचं चोडण निदान जागेवर तरी आहे. आणि मोगूबाईंची मुलगी किशोरीताई, ती लग्नानंतर आमोणकर, म्हणजे आमच्या माशेलपासून जवळच असलेल्या आमोण्याचं नाव. आई-मुलगी एकाच घरच्या, आडनावांची गावं वेगळी. बायकांच्या नावांची गोष्ट अशीच असते, माझ्या आजीचं तर पहिलं नावही लग्नात बदललं, तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि ती सत्यभामा झाली. माहेरचं नाव काय होतं ते आम्ही कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

वर्गात निम्मी पोरं फर्नांडिस, डिसोझा, लोबो, कोएल्यो अशी असतात. ती विचारतात, टीचर आमच्या आडनावाला काही अर्थच नाही का? आहे की! बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, त्यामुळे ते पोर्तुगालहून आलं हे खरं, पण अर्थ घेऊनच आलं. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्स म्हणजे रॉड्रिगोचा, आपण मधे बापाचं नाव लावतो तसंच. कोएल्यो ससा, पिंटो पिल्लू, परेरा नासपतीचं झाड. लोबो म्हणजे लांडगा, आणि आपल्याकडे लांडगे आहेतच. आणि डिसोझा तर मला फारच आवडतं, सोझा ही उत्तर पोर्तुगालातली नदी, तिच्यावरून तिथल्या मुलखाचं नाव, 'डि' म्हणजे 'चा', म्हणजे डिसोझा हा सरळ सरळ सोझाकर झाला की हो! हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक डिसोझा उठून माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणजे तुम्ही आणि आम्ही सेम. मी म्हटलं हो रे बाबा, सेम.

आणि आडनाव बदललं म्हणून आधीचं सगळं पुसलं गेलं असंही नाही. बऱ्याच ख्रिस्ती घरांत आपण मूळचे प्रभू की नायक ते अजून माहीत असतं. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, पण वर्षातून एकदा तिच्या छत्र्यांची मिरवणूक कुंकळ्ळीला येते आणि तिथल्या बारा वांगडांचे, म्हणजे कुळांचे, गांवकार, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही, त्यात असतात. आडनावं वेगळी झाली, वांगड तोच.

कागदांवरचा घोळ थोडक्यात सांगते. आजोबांच्या पोर्तुगीज जन्मदाखल्यात आमच्या आडनावात 'क' साठी सी आहे, बाबांच्या एसएससीला के, आणि पोर्तुगीजमध्ये सीएच चा उच्चार श, म्हणून तिथला माणूस आम्हाला शोडणकार वाचणार. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. माझ्या चुलतभावाने ते करायला घेतलं, तर या एका अक्षरापायी त्याला दोन वर्षं ॲफिडेव्हिट करत फिरावं लागलं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा मुद्दाम चोडणला गेले. फेरीबोटीतून उतरून एका दुकानात चहा घेतला. तिथे एक म्हातारे बसले होते, त्यांनी विचारलं कुठली, मी जरा अभिमानानेच सांगितलं, चोडणकर. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणटकच तुमी हांगाच्यान भायर सरल्लीं." म्हणजे, तुम्ही इथून बाहेर पडलेली. मग आपुलकीनेच विचारलं, "खंयचो वाडो तुमचो?" मला सांगता येईना. तिथूनच बाबांना फोन लावला. त्यांनाही माहीत नव्हतं.