पेठच्या पाड्यावर नकाशा, फोटो आणि थाळगान: अभ्यासाला जाणाऱ्यांसाठी

नाशिकहून पेठ साधारण ५०-५५ किलोमीटर. एसटी मिळते, पण पाडा गाठायचा तर पेठला उतरून जीप धरावी लागते आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. सकाळी लवकर निघा, सामान कमी ठेवा. कागद-रंगांची पोती नेण्याची गरज पडत नाही, ते पुढे कळेलच.

पाड्याचं नाव इथे लिहीत नाही. तसं ग्रामसभेतच ठरलं होतं. वस्ती कोकणा आणि वारली आदिवासींची. आमच्या अभ्यासाचा विषय पाणी आणि स्थलांतर. प्रश्नावली घेऊन घरोघरी फिरायचं नाही, लोकांनीच चित्रं, नकाशे, फोटो आणि गाणी यांतून आपल्या गावाचा अभ्यास मांडायचा, असा बेत होता.

कधी जावं? भाताच्या आवणीत अजिबात नको, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. दिवाळीच्या सुमारास दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत छाटणीची कामं निघाली की पाडा अर्धा रिकामा होतो. होळीला माणसं परत येतात. होळी ते मृग हा काळ बरा: लोक घरी असतात आणि पाण्याची ओढाताणही डोळ्यांसमोर असते. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं, पण उताराची जमीन आणि खाली कातळ, त्यामुळे पाणी थांबत नाही; नार, पार, दमणगंगा ते गुजरातेत घेऊन जातात. उन्हाळ्यात बाया झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरतात.

पहिलं काम नकाशाचं. शाळेसमोरचं अंगण सारवलेलं होतं. राख, वीटकरीचा चुरा, नागलीचे दाणे, पानं, दगड एवढ्यावर भागलं. पुरुषांचा गट वेगळा, बायांचा वेगळा, हे मात्र पाळाच. पुरुषांनी आधी डांबरी रस्ता काढला, मग देऊळ, शाळा, पंचायत. बायांनी सुरुवात केली झऱ्यापासून. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो ते दाणे मोजून दाखवलं, सरपणाच्या वाटा काढल्या, आणि अंगण संपलं तरी रेघ पुढे नेत एका कोपऱ्यात द्राक्षबाग काढली. ‘ही कशी गावात?’ असं एका पोराने विचारलं. ‘चार महिने तिथंच राहतो, मग गाव नाही तर काय?’ मावशींनी त्याला गप्प केलं. स्थलांतराबद्दल दिवसभर विचारून जे मिळालं नसतं ते इथे आपसूक आलं. तेव्हा नुसता नकाशाचा फोटो काढून मोकळं होऊ नका. रेघ ओढताना काय वाद झाला, कुणी कुणाची खूण पुसली, ते टिपायला एक माणूस बाजूला बसवा, आणि त्याला बोली समजायला हवी. आमच्याबरोबर पाड्यावरचीच अंगणवाडीताई होती म्हणून निभावलं.

आता चित्रांबद्दल. नाशिकच्या कॅफेंच्या भिंतींवर बघून बघून आपल्याला वाटतं, आदिवासी म्हटला की वारली चित्र काढणारच. कोकणा बाईला ‘वारली काढा’ म्हणून तांदळाचं पीठ पुढे करणं हा निव्वळ शहरी आगाऊपणा आहे. वारल्यांतही लग्नाचा देवचौक, म्हणजे घराच्या भिंतीवरचं देवाचं चौकोनी चित्र, सवाशिणींनी विधी म्हणून लिहायचा असतो. तो कार्यशाळेत ‘नमुना’ म्हणून मागू नये. बोहाडा म्हणजे देवांची सोंगं नाचवण्याचा उत्सव, त्यातल्या मुखवट्यांचंही तसंच. ते देव आहेत, फोटोसाठी तोंडावर चढवायला सांगायची वस्तू नव्हे. काय काढायचं आणि कशाने, हे त्यांच्यावर सोडा. आमच्याकडे पोरींनी चक्क वहीच्या पानांवर स्केचपेनने टँकर काढले.

फोटोंचा प्रयोग तरुणांना भावला. १९९०च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात ग्रामीण बायांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांच्याच नजरेतून प्रश्न समजून घेण्याची पद्धत रुजली; आता मोबाइल घरोघर आहेत, त्यामुळे खर्च नाही. नियम दोनच ठेवा: चेहरा दिसत असेल तर त्या माणसाला आधी विचारायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर फोटो दाखवून ‘हाच फोटो कशासाठी काढला’ ते सांगायचं. काही फोटो तिथेच पुसले गेले. पुसू द्यावेत.

रात्री एका बाबांनी थाळगान लावलं. पितळी थाळीच्या मधोमध मेणाने काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटं ओढत नाद काढत कथा सांगायची. कथेत डोंगरांची, पाणवठ्यांची नावं येत गेली, तशी पोरं सकाळच्या नकाशात ती शोधायला लागली. याला व्यवहारातही किंमत आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत ज्येष्ठांचे लिहून घेतलेले जबाबही पुरावा म्हणून धरले जातात, त्यामुळे म्हाताऱ्यांना ठाऊक असलेली जागांची नावं जंगलावरच्या सामूहिक हक्काच्या दाव्याच्या वेळी उपयोगी पडू शकतात. मात्र ध्वनिमुद्रणाआधी विचारा. देवाच्या कथेचा काही भाग बाबांनी रेकॉर्डर बंद करायला लावून सांगितला. तो आमच्या अहवालात नाही.

परवानगी एकट्या सरपंचांकडून घेऊन भागत नाही. पेठ पेसा क्षेत्रात येतं, म्हणजे आदिवासी भागांत ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा इथे लागू आहे. पाड्याच्या सभेत, बाया हजर असताना विषय मांडा. संमतीचा छापील कागद पुढे सरकवून अंगठा घेण्यापेक्षा सभेत मोठ्याने वाचून दाखवा, आणि नंतर नाही म्हणायची मुभा आहे हेही सांगा.

पैशांचं आधीच बोला. दिवसभर बसलेल्या बाईची रोजंदारी बुडते. बागेत जो दर चालू असेल तो धरा, चहा-बिस्किटांवर भागवू नका. बजेट मंजूर करणारे यावर भुवया उंचावतात. छपाईचा खर्च कापा, हा नको.

अंगणातला नकाशा मोडण्याआधी पोरांनी तो मोठ्या कागदावर उतरवला. मूळ कागद पाड्यावरच राहिला, आम्ही परवानगीने फोटो आणला. नाशिकला प्रदर्शन भरवायचं का, यावर बायांनी ‘आधी झऱ्याचं बघा’ असं उत्तर दिलं, त्यामुळे तो विषय तूर्त बंद आहे. तुम्ही गेलात तर नकाशाची प्रत लॅमिनेट करून परत द्या. शाळेच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, साधा कागद आषाढही काढत नाही.